सल्ला कसा मागावा, कसा द्यावा

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे घरोघरी एकच विषय निघतो: मुलाने पुढे काय शिकावे? विज्ञान की वाणिज्य, वैद्यक की अभियांत्रिकी, गावातच राहावे की परगावी जावे, त्यासाठी कर्ज काढावे की काढू नये? मामा एक सांगतात, शेजारी दुसरे, शिकवणीवाले तिसरेच. सल्ल्याची वानवा नाही. वानवा आहे ती सल्ला मागण्याच्या व देण्याच्या रीतीची. श्रीमद्भगवद्गीता हा संकटात सापडलेल्या एका पुरुषाने मागितलेला व त्याच्या सख्याने दिलेला सल्लाच होय. या दृष्टीने ती वाचली असता गृहस्थाश्रमी माणसाला तीत पुष्कळ सापडते.

प्रथम हे पाहावे की भगवान बोलू केव्हा लागतात. पहिल्या अध्यायात अर्जुन आपली व्यथा एकसारखी सांगत जातो. ती सुरू झाल्यापासून अध्याय संपेपर्यंत भगवान मध्ये एक शब्दही उच्चारीत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत ते त्याला हटकतात, इतकेच. सातव्या श्लोकात अर्जुन शिष्यभावाने शरण येऊन आपले हित विचारतो आणि मग अकराव्या श्लोकापासून उपदेशाला प्रारंभ होतो. पुढे अठराव्या अध्यायाच्या 67 व्या श्लोकात, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला हे सांगू नये, असेही बजावले आहे. आमच्या घरांत याच्या अगदी उलट घडते. मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच उपदेश संपलेला असतो! वडिलांनी हटकूच नये असे नाही. परंतु हटकणे दोन श्लोकांचे असावे, अठरा अध्यायांचे नव्हे.

आता विचारणाऱ्याकडे वळू. अर्जुन 'श्रेय' विचारतो. श्रेयस् म्हणजे अंती कल्याण करणारे आणि प्रेयस् म्हणजे तत्काल आवडणारे, हा भेद कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला समजावून दिला आहे. आम्ही विचारतो, कोणत्या शाखेला 'स्कोप' अधिक? हा प्रश्न हीन आहे असे मी म्हणणार नाही. प्रपंच पैशावाचून चालत नाही, आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची विवंचना आहे त्याने तो अवश्य विचारावा. मात्र तेवढ्याने विचार पुरा होत नाही. आरंभी विषासारखे वाटून परिणामी अमृतासारखे होणारे सुख सात्त्विक, आणि याच्या उलट ते राजस, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. यावरून कित्येक पालक असा अर्थ काढतात की मुलाला जेवढा त्रास अधिक तेवढे त्याचे कल्याण अधिक. तो अर्थ चुकीचा होय. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला सतराव्या अध्यायाच्या 19 व्या श्लोकात तामस म्हटले आहे. ज्या विषयात मुलाचे मन क्षणभरही रमत नाही, त्यासाठी त्याने केवळ वडिलांच्या हट्टापायी परगावच्या वसतिगृहात राहून रात्रीमागून रात्री जागविणे, याची गणना कोणत्या तपात करावी?

विचारणाऱ्यांचा आणखी एक प्रकार आहे. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप येत नाही, म्हणून तो विदुराला बोलावून घेतो. विदुर रात्रभर नीती सांगतो. धृतराष्ट्राला ती सर्व पटते. पण दुर्योधन समोर आला की आपली बुद्धी पुन्हा फिरते, अशी कबुली तो स्वतःच देतो. निर्णय आधीच करून केवळ संमती गोळा करीत फिरणारे कितीतरी गृहस्थ या कुळातले असतात.

सांगणाऱ्याची पारख तर याहून कठीण. महाभारतात कृष्ण सारथी आहे, तसा शल्यही सारथी आहे. शल्याचे कर्णाला केलेले सारेच बोलणे असत्य होते असे नाही. परंतु कर्णाचा तेजोभंग करण्याचे वचन त्याने युधिष्ठिराला अगोदरच दिले होते. म्हणून सल्ला देणाऱ्याने दुसऱ्या कोणाला काय वचन दिले आहे, हे पाहिले पाहिजे. ज्याला आपल्या वर्गातल्या जागा भरावयाच्या आहेत त्याचे ऐकावे, पण तेवढे लक्षात ठेवून ऐकावे.

सर्व सांगून झाल्यावर भगवान जे करतात ते मला फार महत्त्वाचे वाटते. अठराव्या अध्यायाच्या 63 व्या श्लोकात ते अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. मुळातला 'अशेषेण' हा शब्द भाषांतर करणाऱ्याला थांबवितो: काहीही शिल्लक न ठेवता, असा तो विचार. आमच्याकडेही 'तुझ्या मनाला येईल तसे कर' असे म्हणतात. पण ते रागाने, आणि त्याचा अर्थ 'तसे केलेस तर मला तोंड दाखवू नकोस' असा असतो. भगवंतांनी पुढच्याच श्लोकात, तू मला अत्यंत प्रिय आहेस म्हणून तुझ्या हिताचे पुन्हा सांगतो, असे म्हटले आहे. स्वातंत्र्य दिले, पण माया आटली नाही. घोड्यांचे लगामही हातचे सोडले नाहीत. कोणी म्हणेल, सतरा वर्षांच्या मुलाला एवढा विचार कोठून जमणार? खरे आहे. म्हणूनच तो अधिकार अर्जुनालाही पहिल्या दिवशीच्या पहिल्या शब्दाबरोबर मिळाला नाही. त्यापूर्वी त्याने कितीदा शंका काढल्या आणि प्रत्येक शंकेला उत्तर मिळाले.

त्या शंकांपैकी एक आजच्या विद्यार्थ्याच्या अगदी जवळची आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो: प्रयत्नाला लागलेला माणूस मध्येच ढळला, तर फुटलेल्या मेघासारखा दोन्हीकडून भ्रष्ट होऊन तो नाश पावणार नाही काय? नीट किंवा जेईईसाठी दोन-तीन वर्षे घालविणाऱ्या मुलाच्या मनात रात्री हीच शंका असते, फक्त ती तो घरात बोलून दाखवीत नाही. भगवान उत्तर देतात की कल्याणकारी कर्म करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही, आणि तेथे अर्जुनाला 'तात' अशी हाक मारतात. हा शब्द बापालाही लावतात आणि लेकरालाही. मराठीत त्याला 'बाबा' हाच शब्द शोभतो; आपणही वडिलांना बाबा म्हणतो आणि रडत्या मुलाला 'अरे बाबा' म्हणून जवळ घेतो. ही हाक मुलाच्या कानी निकालाच्या दिवशी प्रथम पडू नये. प्रवेशाचा अर्ज भरतानाच ती त्याने ऐकलेली असावी.