यंत्र शिकवील, पण हाक कोण मारील?



मिस्सानंतर एका आईने आम्हांला विचारले, "फादर, मुलीला डी.एड.ला घालायचे आहे. पण आता मोबाइलच सगळे शिकवतो. पुढे नोकरी राहील का?"

नोकरीची हमी आम्ही देऊ शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता पाढे घोटून घेईल, चूक दाखवील, कंटाळणारही नाही. परंतु आपल्या सालेकसा-देवरीकडचे एखादे लेकरू घरी गोंडी बोलते, दुसरे कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी. शाळेतली पुस्तकी मराठी ऐकून ते गप्प बसते. कळले नाही म्हणून गप्प, की उपाशी आहे म्हणून? हे ओळखायला शेजारी बसणारे माणूस लागते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणारे हे गुरुजी मुलांसाठी स्वतः कन्नडही शिकले. यंत्र त्यांच्या हातात होते, त्यांच्या जागी नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अँतिक्वा एत नोव्हा' या पत्रकातही शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासाची जागा यंत्र घेऊ शकत नाही, असेच सांगितले आहे.

आम्हांला भीती वेगळीच वाटते. उद्या श्रीमंताच्या मुलाला शिक्षक आणि गरिबाच्या मुलाला नुसता पडदा, असे झाले तर? स्वस्त पडते म्हणून आपणही ते मुकाट्याने मान्य करू का?

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. त्या मुलीला लेकरांची ओढ असेल, तर आईने तिला अवश्य पाठवावे. तेही पाचारणच आहे.