मुक्याचा पक्ष

प्राण्याच्या अंगावरचा रंग कोणाच्या मालकीचा, प्राण्याच्या की त्याला पाळणाऱ्याच्या, असा प्रश्न कोणी केला तर आपल्यापैकी बहुतेक जण तो हसण्यावारी नेतील. गाईगुरे, कोंबड्या, कबुतरे यांची निपज माणूस हजारो वर्षे आपल्या सोयीने आणि हौसेने करीत आला आहे, आणि त्याबद्दल कोणाला झोप लागली नाही असे ऐकिवात नाही. तथापि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेत व युरोपात अजगरांच्या निपजीचा जो व्यवसाय उभा राहिला आहे, त्याकडे जरा बारकाईने पाहिले म्हणजे हा प्रश्न तितकासा पोरकट वाटेनासा होतो.

या व्यवसायाचे मूळ भांडवल म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक लहानखुरा अजगर. लांबी चार-पाच फूट, विष नाही, स्वभाव भित्रा. भय वाटले की डोके आत घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून इंग्रजीत त्याला बॉल पायथन म्हणतात; शास्त्रीय नावाचा अर्थ मात्र राजअजगर असा आहे. काळपट अंगावर फिक्या तपकिरी ठिगळांची नक्षी हे त्याचे जन्मजात वस्त्र. बेनिन देशातील विदा या गावी याच अजगराचे देऊळ आहे. तेथील अजगर रात्री गावात हिंडून येतात. एखादा कोणाच्या घरात शिरलाच तर घरधनी त्याला मानाने उचलून पुन्हा देवळात पोचवतो. सातेरीच्या वारुळापुढे, आपल्या कोंकणीतल्या रोयणीपुढे, माथा टेकणाऱ्या आमच्या वाचकांना हा भाव परका वाटणार नाही. आणि त्याच बेनिनमधून, शेजारच्या टोगो व घाना या देशांतून, गाभण माद्या धरून व त्यांची अंडी उबवून हजारो पिले परदेशच्या बाजारात गेली आहेत. देव आणि माल या दोन्ही पदव्या एकाच प्राण्याला एकाच प्रदेशात मिळाव्यात, यात नवल वाटण्याजोगे काही आहे असे मात्र आम्हाला वाटत नाही.

रानातून आलेल्या अशा हजारो पिलांत क्वचित एखादे वेगळ्या रंगाचे निघे. सापाच्या कातडीत रंगाची निरनिराळी कोठारे असतात. एकात मेलॅनिन नावाचे काळे-तपकिरी द्रव्य, दुसऱ्यात पिवळे, तिसऱ्यात प्रकाश परतवणारे स्फटिक. काळे कोठार अगदी रिकामे राहिले तर पांढऱ्या अंगावर पिवळी नक्षी आणि तांबडे डोळे दिसतात. ते अर्धवट भरले तर सगळा साप धुक्यातून पाहावा तसा मऊ, पिंगट दिसतो. हौशी लोक या दुसऱ्या प्रकाराला 'हायपो' किंवा 'घोस्ट' म्हणतात. पहिल्या प्रकारच्या अजगराची बंदिवासातली पहिली निपज 1992 साली झाली, आणि तेव्हापासून रंगांच्या शोधाला धंद्याचे रूप आले. अशा नमुन्याला प्रारंभी हजारो डॉलर मोजावे लागत. आज त्याच रंगाचे पिलू सामान्य माणसाच्या खिशाला परवडते.

हे दोन्ही गुण आईबापांकडून दुहेरी आल्याखेरीज प्रकट होत नाहीत. एकाच बाजूने आला तर साप दिसायला साधाच राहतो, पण गुण पोटात बाळगतो. असे दोन वाहक एकत्र आणले तर सरासरीने चारांत एक पिलू रंगीत निघते, आणि उरलेल्या साध्या पिलांपैकी प्रत्येक वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन असते. ही साधी पिले '66 टक्के वाहक' म्हणून विकली जातात. आम्ही वकिलीच्या धंद्यात अनेक प्रकारचे विक्रीचे करार पाहिले, पण शेकडा सहासष्ट संभवाची अशी उघड विक्री आमच्या पाहण्यात नव्हती. विकणाराच्या वचनावर विसंबण्यावाचून येथे खरेदीदाराला दुसरा पुरावाच नसे. अलीकडे तो मिळू लागला आहे. 2022 साली अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हौशी लोकांनी पाठवलेल्या काती तपासून यांतील काही रंगांची जनुके निश्चित केली. टाकून दिलेल्या कातीवरून सापाची वंशावळ वाचावी, ही कल्पना आम्हाला फार आवडली.

आता नीतीचा प्रश्न. काळा रंग कमी केला, यात अपराध झाला काय? आमच्या मते, एवढ्याने झाला नाही. रानात तो रंग पानापाचोळ्यात लपण्यासाठी असतो. पेटीत ना घार ना मुंगूस. शिवाय आपल्याकडेही कोठे पांढरा नाग निघाला की गाव लोटतो. दुर्मीळ रंगाची भूल परदेशी लोकांनाच पडते असे मानण्याचे कारण नाही.

परंतु रंगांच्या या मालिकेत 'स्पायडर' नावाचा एक प्रकार आहे. त्याची नक्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, आणि ती एकाच बाजूने आली तरी प्रकट होते. तिच्याबरोबर आणखीही एक गोष्ट येते. या सापाचे डोके थरथरते, मान मळसूत्रासारखी वळते, भक्ष्यावर घातलेली झडप चुकते, उलटा झाला तर काहींना सुलटे होता येत नाही. कोणात हे थोडे, कोणात फार. नक्षी ठेवून कंप काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. ते साधले नाहीत. 2022 सालीच जर्मन संशोधकांनी क्ष-किरणांच्या सूक्ष्म चित्रांवरून दाखवून दिले की या सापांच्या अंतःकर्णातील तोल सांभाळणारी रचनाच विकृत असते. एवढे होऊनही त्यांची निपज सर्वत्र थांबली आहे असे नाही.

पैदास करणाराचे म्हणणे दुहेरी असते. साप खातो, वाढतो, वितो. तेव्हा तो सुखी आहे. आणि हे मिलन घडवले नसते तर हा साप जन्मासच आला नसता. मग त्याचे नुकसान झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? हा दुसरा मुद्दा दिसतो तितका पोकळ नाही. नुकसानीच्या दाव्यात पूर्वीची बरी स्थिती दाखवावी लागते. येथे पूर्वीची स्थितीच नाही. परंतु पैदास करणारापुढे 'हा साप किंवा शून्य' असा पर्याय कधीच नव्हता. तीच मादी दुसऱ्या नराला देता आली असती आणि स्थिर मानेची पिले झाली असती. त्याने निवड केली ती नक्षीची. जन्म दिल्याचे उपकार तक्रार पुढे आल्यावर सुचलेले आहेत.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर आमच्या वाचकांच्या अगदी घरचे आहे. आपल्या कायद्यात देवळातील मूर्ती ही व्यक्ती मानली जाते. तिच्या नावे मिळकत असते, ती दावा लावू शकते. ती बोलत नाही, म्हणून सेवेकरी तिच्या वतीने बोलतो. पण त्याचाच स्वार्थ गुंतला असेल तर? 1925 साली कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील कुलदेवतेच्या मूर्तीचा वाद प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मूर्ती ही हवी तेथे हलवावी अशी जंगम वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि तिची बाजू वादात हितसंबंध नसलेल्या, न्यायालयाने नेमलेल्या माणसाने मांडावी, असे तेथे ठरले. पाषाणासाठी ज्या कायद्याने एवढी काळजी वाहिली, त्याची कसोटी थरथरत्या जिवाला लावण्यास हरकत नसावी. 'माझा साप सुखी आहे' हे विधान त्याची पिले विकणाराचे आहे. तेवढ्यानेच ते बाद होते. क्ष-किरणांच्या चित्रांना पिले विकायची नव्हती.

जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात, संततीला यातना होतील अशी पैदास करण्यासच मनाई आहे. आपल्याकडे भारतीय अजगराला 1972 च्या वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. त्याला घरी पाळणे हाच गुन्हा. विदेशी अजगर मात्र पाळता येतो. 2022 ची दुरुस्ती व 2024 चे नियम यांनुसार त्याचा ताबा, जन्म, मृत्यू, हस्तांतर यांची नोंद करावी लागते. म्हणजे साप कोणाचा आणि किती, हे सरकार विचारते. त्याची मान स्थिर आहे काय, हे विचारत नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे यांना कलमे आहेत. जन्माआधीच केलेल्या क्लेशाला त्यात सरळ जागा आम्हाला दिसत नाही. ती करावयास हवी, आणि हा शौक आपल्या शहरांत फार पसरण्यापूर्वी करावयास हवी.

जे स्पायडर आज जिवंत आहेत, त्यांचे काय, हा भाग उरतो. त्यांची निपज थांबवावी. पण त्यांना टाकता येणार नाही. हा अजगर दीर्घायुषी आहे. सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या एका मादीने 2020 साली, साठी उलटल्यावर, अंडी घातली. स्पायडरांना तेवढे आयुष्य लाभो न लाभो, वीस-तीस वर्षे तरी कोणाला तरी चिमट्यात उंदीर धरून त्यांच्या हलत्या तोंडाजवळ न्यावा लागेल, आणि नेम चुकला की पुन्हा न्यावा लागेल.