बिघाड नसताना

मुलाच्या नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगसाठी फोन लावला, तर मिळालेली तारीख नेमकी अमावास्येची निघाली. ही म्हणाली, "नवी गाडी अमावास्येला परक्याच्या हाती देऊ नका." मुलाचं वेगळंच : "गाडी मस्त पळतेय. काही बिघडलंच नाही, तर न्यायची कशाला?"

हिच्या हरकतीवर तोड सोपी. तारीख एक दिवस पुढे घेतली. मुलाचा प्रश्न मात्र धर्मशास्त्राइतका जुना आहे.

प्रवचनांतून ऐकत आलोय : कर्म तीन प्रकारचं. इच्छा धरून केलेलं ते काम्य, प्रसंगाने आलेलं ते नैमित्तिक आणि रोजचं ते नित्य. गाडी घेतल्यावर आपण केतकावळ्याच्या बालाजीला गेलो, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, ते प्रसंगाचं झालं. नित्यकर्माचं गणित निराळं. संध्या केली म्हणून पदरात नवं काही पडत नाही. चुकवली तर दोष मात्र लागतो. पुस्तिकेत लिहिलेलं 'हजार किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल ते' मला याच जातीचं वाटतं.

भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो. गाडी डॉकिंगला, म्हणजे ठरलेल्या तपासणीला, यायची ती पाळी आली म्हणून. ड्रायव्हरच्या तक्रारीची वाट कुणी बघायचं नाही. चाकाचे नट पान्याने आवळताना बहुतेक नट जागचे हलतसुद्धा नाहीत. मनगट भरून यायचं आणि हाती काय लागलं, तर 'घट्टच होते'. पण वरंध घाट उतरून महाडच्या स्टँडवर पोचलेला माणूस पिशवी उचलून निघून जातो, तेच त्या मेहनतीचं फळ. ते कुणाला दिसत नाही.

आमच्या कापूरहोळचं नाव इतिहासात राहिलं तेही अशाच कामामुळे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंना अंगावर पाजणं शक्य होईना, तेव्हा इथल्या धाराऊ गाडे दूधआई झाल्या. जन्माचा सोहळा एकदाच होतो. पाजणं मात्र वेळच्या वेळी, दिवसरात्र, आणि आज पाजल्याने काय मिळालं असा हिशोब त्यात बसत नाही.

मुलगा म्हणेल, एवढं सगळं आपणच करायचं तर बालाजीकडे मागायचं काय? मागायला पुष्कळ आहे. हायवेवर उलट्या बाजूने येणारा ट्रक माझ्या हातात नाही; तो मी बालाजीवर सोपवतो. ब्रेक माझ्या हातात आहेत. तेही त्याच्याच गळ्यात घातले, तर त्याला भक्ती म्हणत नाहीत, कामचुकारपणा म्हणतात.