सिग्नलचा पत्ता

डिसेंबरात मुंबईत सूर्य उगवतो तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सूर्यास्त होऊन जेमतेम पाऊण तास झालेला असतो. संध्याकाळी आपल्याकडे अंधार पडल्यापासून तिकडे उजाडेपर्यंत सव्वादोन तास मिळतात. या दोन गावांना एकाच वेळी लाभणारी रात्र एवढीच. १६० मीटरच्या बँडवर बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, सगळी भिस्त या सामाईक अंधारावर असते. कारण दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी गिळून टाकतो. त्यातच मुंबई ते कॅलिफोर्निया हा सुमारे १४ हजार किलोमीटरचा मार्ग उत्तर ध्रुवाला जवळजवळ लागून जातो आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात सिग्नल आणखी क्षीण होतो. अँटेनाची अडचण वेगळीच. पाव तरंगलांबीची उभी अँटेना या बँडवर ४० मीटर उंच होते. म्हणून कॅलिफोर्नियातल्या हॅमच्या लॉगमध्ये या बँडवर ‘व्हीयू’ने सुरू होणारा भारतीय कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळख-अक्षरे, उमटायला कित्येक हिवाळे जाऊ शकतात.

आता रिमोट स्टेशनचा विचार करू. अमेरिकेत मिनिटांच्या दराने भाड्याने मिळणारी स्टेशने आहेत. कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी बसून, इंटरनेटमार्गे, या बँडचा परवाना असलेला कुणीही अमेरिकन हॅम ईशान्य किनाऱ्यावरचा १,५०० वॅटचा ट्रान्समीटर आणि भलीमोठी अँटेना चालवू शकतो. त्या किनाऱ्याची मुंबईशी सामाईक रात्र डिसेंबरात चार तासांहून अधिक असते. ज्या संपर्कासाठी शेजारच्या हॅमने वर्षानुवर्षे पहाटे उठून कान लावले, तो याला एका बैठकीत मिळू शकतो. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या डीएक्ससीसी या मानाच्या पुरस्काराच्या यादीत जगाचे ३४० विभाग धरले आहेत. त्यात अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेची सगळी राज्ये मिळून एकच विभाग होतो. त्यामुळे दोघांच्या नावापुढे सारखीच खूण पडते. रिमोटवरून केलेले संपर्क लीगला मान्य आहेत. त्यातली नीतीची मर्यादा ज्याने त्याने विचारपूर्वक ठरवावी, अशीच लीगची भूमिका आहे.

ही मर्यादा कुठे आखायची, यावर बोलायला हवे. माझे उत्तर असे: ट्रान्समीटर कुठे आहे, रिसीव्हर कुठे आहे आणि माणूस कुठे आहे, या तीन गोष्टी ऐकणाऱ्यापासून लपवल्या नाहीत तर रिमोट हे उत्तम साधन आहे. यातली एक जरी लपवली, तरी तिथून फसवणूक सुरू होते.

साधन उत्तम आहे यात मला शंका नाही. मुंबई-पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीच्या गच्चीवर तार बांधायची परवानगी मिळवताना अनेकांच्या नाकी नऊ येतात. परवानगी मिळालीच, तर एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर आणि लिफ्टच्या मोटारी यांचा गोंगाट शॉर्टवेव्हवरचे नाजूक सिग्नल बुडवून टाकतो. अशा हॅमने गावाकडच्या शेतात, विजेच्या गोंधळापासून दूर, आपले स्टेशन उभारून ते घरून चालवले तर त्यात गैर काय? ज्यांना वयामुळे किंवा अपंगत्वामुळे मनोऱ्यापर्यंत जाता येत नाही, त्यांच्यासाठी तर रिमोट म्हणजे छंदात टिकून राहण्याचा मार्ग. २०२४मध्ये प्रशांत महासागरातल्या जार्व्हिस बेटावर गेलेल्या मोहिमेने पेटीबंद रेडिओ किनाऱ्यावर ठेवून ते दुरून चालवले. हे बेट वन्यजीवांसाठी राखीव आहे. माणसांचा वावर कमी झाला, पक्ष्यांना त्रास कमी झाला आणि जगाला दुर्मीळ संपर्क मिळाला. ट्रान्समीटर आणि अँटेना बेटावरच होत्या आणि काय चालले आहे हे सर्वांना ठाऊक होते.

दुरुपयोगाचे सर्वांत सोपे रूप ऐकण्याच्या बाबतीत दिसते. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथे ट्वेन्टे विद्यापीठात एक रिसीव्हर आहे. जगातल्या कुणालाही ब्राउझर उघडून त्यावर शॉर्टवेव्ह ऐकता येते. शिकण्यासाठी आणि आपला सिग्नल तिथवर पोचतो का हे पाहण्यासाठी ही मोठीच देणगी आहे. पण समजा, पुण्यातला कुणी घरच्या ट्रान्समीटरवरून बोलतो आणि उत्तर मात्र या रिसीव्हरवर ऐकतो. ॲमस्टरडॅमच्या हॅमचा आवाज पुण्यात पोचलेलाच नाही; देशातल्या देशात थोडे अंतर कापून तो पुढे केबलमधून आला आहे. तरीही पुणेकर ‘फाइव्ह नाइन’ असा खणखणीत रिपोर्ट देतो. समोरच्याला वाटते, आपला सिग्नल सह्याद्रीपर्यंत दणक्यात गेला. अर्धा संपर्क खोटा झाला आणि ज्याच्याशी तो खोटा झाला, त्याला याचा पत्ताही नाही. म्हणूनच डीएक्ससीसीच्या आणि सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धेच्या नियमांनी स्टेशनचे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात बांधले आहेत. अंतर मोजून घातलेल्या या अटीमागे एक साधी अपेक्षा आहे: जिथून बोललात तिथेच ऐका.

दुसरे रूप कॉलसाइनचे. एखाद्या भारतीय हॅमने न्यू जर्सीतले स्टेशन चालवताना नुसता आपला ‘व्हीयू’ कॉलसाइन वापरला, तर ऐकणारे त्याला भारत समजून लॉगमध्ये नोंदवतील. लबाडी एकाची, पण खोट्या नोंदी अनेकांच्या वहीत. उलट बाजूनेही तेच. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी हॅमने नाशिकच्या घरातला रेडिओ तिथून चालवला, तर लहरी नाशिकमधून निघतात आणि त्यांना भारताचा कायदा लागतो; अमेरिकेचा परवाना इथे कामाचा नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या १९व्या कलमात खोटी किंवा दिशाभूल करणारी ओळख देऊन प्रक्षेपण करायला स्पष्ट मनाई आहे.

तिसरे रूप सर्वांत घातक. आपल्या रिमोटचा पासवर्ड परवाना नसलेल्या मित्राला देणे किंवा लांबच्या ट्रान्समीटरआड लपून दुर्मीळ स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीवर मुद्दाम शिट्ट्या आणि कोरी कॅरिअर लहर सोडणे. दिशाशोधक अँटेना घेऊन शोधायला निघालेले लोक ट्रान्समीटरपाशी पोचतात. तो वापरणारा दुसऱ्याच राज्यात असतो. जाब मात्र स्टेशनच्या मालकाला द्यावा लागतो. अमेरिकेच्या नियमांत यावर विचार झालेला दिसतो. नियंत्रणाचा दुवा बिघडला तर ट्रान्समीटर जास्तीत जास्त ३ मिनिटांत आपोआप बंद पडला पाहिजे आणि अनधिकृत प्रक्षेपण होऊ नये अशी व्यवस्था स्टेशनवर हवी. स्टेशन रिमोटवर टाकणाऱ्या प्रत्येकाने, देश कोणताही असो, एवढे तरी केलेच पाहिजे.

‘छंदच तर आहे, कुणाचे काय बिघडते?’ असे विचारले जाते. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचे एक पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानातून हॅम रेडिओ अनेक वर्षांनी ऐकू येत होता आणि तिथला ‘व्हीयू४’ कॉलसाइन लॉगमध्ये यावा म्हणून जगभरचे हॅम गर्दी करत होते. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली. पथकाने यादीसाठीचे संपर्क थांबवले आणि बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीकडे पोचवायला सुरुवात केली. त्या घटकेला ‘व्हीयू४’ या अक्षरांचे मोल एकाच गोष्टीत होते: बोलणारा माणूस खरोखर तिथे होता आणि त्याच्या हातातला रेडिओ इंटरनेटवर अवलंबून नव्हता. ही विश्वासार्हता आपत्तीच्या दिवशी अचानक तयार होत नाही. रोजच्या साध्या संपर्कात, कुणी तपासायला नसताना दिलेल्या खऱ्या ओळखीतून ती साठत जाते. पुरस्कारासाठी पत्ता लपवणारा हॅम या सर्वांच्या ठेव्यातून उचल करत असतो.

लबाडी इंटरनेटच्या आधीही होती, पण त्या काळी खोटे ठिकाण सांगायला धाडस आणि खटाटोप लागे. आता एक क्लिक पुरते. म्हणून उपायही रोजच्या सवयीतले हवेत. रिमोटवरून बोलताना सुरुवातीलाच तसे सांगावे आणि स्टेशनचे ठिकाण द्यावे. लॉगमध्ये त्याचा वेगळा रकाना असावा. पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी रिमोटला स्वतंत्र वर्ग द्यावा. त्याने कुणाचा मान कमी होत नाही, तुलना तेवढी प्रामाणिक होते. परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या आपल्याकडच्या क्लबांनी मोर्स आणि ओहमचा नियम शिकवताना हेही शिकवावे. आणि प्रत्येक हॅमने स्वतःसाठी एकच नियम घालून घ्यावा: ज्या संपर्कात आपली अँटेना कुठे होती हे समोरच्याला सांगायला जीभ अडखळते, तो संपर्क लॉगमध्ये लिहायचा नाही.