निचरा

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. डोळे मिटून वाचता येणार नाही, पण वाचता वाचता अधूनमधून ते मिटता येतील. घाई नाही.

मनाने लोणारला चला. सकाळची वेळ आहे. काठावर उभं राहिलं की समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर दिसतं. फार पूर्वी आकाशातून काहीतरी आलं, बेसाल्टच्या काळ्या खडकावर आदळलं आणि एवढा खड्डा पडला. घाव क्षणाचा होता. तो राहू द्या. पाण्याकडे बघा.

काठाजवळ झऱ्याची धार आहे. तिथलं गोड पाणी बारमाही वाहतं. ओंजळीत घ्या. गारवा जाणवू द्या. हेच पाणी पुढे उतरून विवराच्या तळाच्या सरोवरात जातं, पावसाचंही तिथंच जातं. तरी सरोवर खारं, अल्कधर्मी. पाण्याला आत यायला वाटा आहेत, बाहेर पडायला एकही नाही. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे राहतात. २०२०च्या जूनमध्ये पाणी घटलं, खारेपणा वाढला आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागलं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. क्षार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून साठत होते.

थांबा. एक श्वास घ्या. सोडा.

आता स्वतःकडे या. जबडा आवळलेला आहे का? खांदे कानांकडे ओढले गेलेत का? पोट गच्च आहे का? काही बदलू नका. नुसतं बघा.

साप दिसला की शरीर एका झटक्यात तयार होतं. छाती धडधडते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडतात, साखर वाढते, पचन थांबल्यासारखं होतं. साप गेला की सगळं निवतं. पण सोयाबीनचा भाव, बँकेचा हप्ता, लेकीचं लग्न, न आलेला पाऊस, हे साप जातच नाहीत. मग कॉर्टिसॉल उतरायच्या वेळीही चढं राहू लागतं. झोप तुटते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते. अशा वेळी एखादी चांगली बातमी आली तरी ती धारेच्या पाण्यासारखी खाऱ्यात मिसळून जाते. गोड कमी पडलं असं नसतं. निचरा नसतो.

काळ्या रानात पाणी तुंबलं की शेतकरी आभाळाशी भांडत बसत नाही. तो चर काढतो.

पहिला चर श्वासाचा. मनात चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत बाहेर सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. शेगावची पालखी पंढरीच्या वाटेला लागते, तेव्हा वारकऱ्यांकडून हे आपोआप घडतं. अभंग म्हणताना श्वास पटकन आत येतो आणि ओळ संपेपर्यंत सावकाश बाहेर जातो. दहा श्वास घ्या. इथं वाचन थांबवा.

दुसरा चर पायांचा. सावध झालेलं शरीर धावायला तयार असतं आणि आपण त्याला खुर्चीत बसवून ठेवतो. उद्या सकाळी, ऊन कोवळं असताना, बांधाबांधाने अर्धा तास चाला. फोन घरी. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ जुळतं आणि रात्रीची झोप सोपी होते.

तिसरा चर रात्रीचा. जेवण लवकर, शेवटचा चहा दुपारीच. निजायची वेळ रोज एकच ठेवा. उद्याची कामं कागदावर उतरवा आणि कागद दुसऱ्या खोलीत ठेवा.

चौथा चर माणसांचा. पारावर, ओसरीवर, कुणाजवळ तरी एकदा बोलून टाका. सल्ला मिळालाच पाहिजे असं नाही. हप्ता तेवढाच राहील, पण तो एकट्याच्या छातीत राहणार नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र चालू ठेवा. झोप महिनोन्महिने तुटत असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला घेऊन दवाखाना गाठा. तोही चरच आहे.

आता पुन्हा लोणारच्या काठावर या. खाली पाणी स्थिर आहे. झाडीतून मोर ओरडतो. सरोवराला स्वतःसाठी वाट काढता येत नाही. तुम्हाला येते.

मघाशी जिथं गच्च वाटलं होतं, तिथं एकदा बघा. अजून गच्चच असेल. एका दिवसात कोणतंच वावर वाफशावर येत नाही. श्वास सोडा, सावकाश. कुदळीचा पहिला घाव बसलाय.