नदीकाठाचा यजमान कोण?

ज्या वस्तूवर कोणा एकाचे स्वामित्व नाही तिचे रक्षण कोणी करावे, हा प्रश्न वरवर पाहता दिवाणी कज्जाचा वाटतो. परंतु आपल्या धर्मशास्त्रकारांनी तो धर्माचाच प्रश्न मानला आणि मोठ्या बारकाईने त्याचा विचार केला. विहीर, तलाव अथवा उपवन लोकांसाठी निर्माण करणाऱ्याचे पुण्य केवळ काम पुरे झाल्याने सिद्ध होत नाही; ती वस्तू विधिपूर्वक सर्व भूतमात्रांना अर्पण करून तीवरील आपला हक्क त्याला सोडावा लागतो, आणि या उत्सर्गानंतर त्याच तलावाचे पाणी तो पितो ते मालक म्हणून नव्हे, तर वाटसरूंपैकी एक म्हणून. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीचे विवेचन वाचताना मला एका शंकेने नेहमीच अडविले आहे. तलावाला यजमान, म्हणजे उत्सर्ग करणारा कर्ता, असतो. पण टेकड्या, नद्यांचे काठ, सागरतीर आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा मिळून जे अखंड क्षेत्र होते व जे अनेक गावांच्या हद्दींत वाटले गेलेले असते, त्याचा उत्सर्ग कोणी करावा?

अमेरिकेतील बोस्टन नगराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शंकेचा प्रत्यक्ष व्यवहारात कस लागला. चार्ल्स एलियट या तरुण उद्यानरचनाकाराने १८९० साली वेव्हर्ली येथील प्राचीन ओक वृक्षांच्या निमित्ताने असे सुचविले की, सार्वजनिक ग्रंथालय ज्याप्रमाणे ग्रंथांचे जतन करते, त्याप्रमाणे विश्वस्तांच्या एका मंडळाने निसर्गरम्य स्थळांचे जतन करावे. आणि पुढच्याच वर्षी तसे मंडळ कायद्याने स्थापन झाले. परंतु त्याची खरी मर्मदृष्टी याहून पुढची होती. गावांच्या सरहद्दी बहुधा ओढ्यांच्या आणि तळ्यांच्या मधून जातात, हे त्याने हेरले. आपल्याकडेही गावाची शीव पुष्कळदा ओढ्यानेच ठरते, आणि म्हणून त्या ओढ्याकडे दोन्ही गावांची पाठ असते. जे सर्वांत रक्षणीय, तेच नेमके दोन दप्तरांच्या मधल्या फटीत पडलेले! एका गावाने आपला काठ राखला आणि पलीकडच्या गावाने त्यावर कारखाना उभारू दिला, तर पहिल्याचे पुण्य व्यर्थ जाते. यासाठी १८९३ मध्ये गावांच्या सीमा ओलांडून अधिकार चालविणारा एक उद्यान आयोग नेमण्यात आला. ब्ल्यू हिल्सच्या टेकड्या, मिडलसेक्स फेल्सचे अरण्य, रिव्हियरचा समुद्रकिनारा आणि चार्ल्स, मिस्टिक व नेपॉन्सेट या नद्यांचे काठ एकाच योजनेत गुंफले गेले.

कोणी म्हणेल, आयोगाने मोबदला देऊन, प्रसंगी सक्तीनेही, घेतलेल्या जमिनीला उत्सर्ग कसा म्हणावा? जमीनमालकापुरता हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पण या व्यवहारात त्याग होता तो गावांचा. योजनेसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा परिसरातील गावांवर वाटून देण्यात आला. म्हणजे जी टेकडी आपल्या हद्दीत नाही आणि जिच्या कारभारात आपला शब्द चालत नाही, तिच्यासाठी प्रत्येक गावाने आपल्या तिजोरीतून पैसा दिला. कायद्याच्या बंधनाने का होईना, 'माझे' म्हणण्याचा हक्क सोडून देणे येथे घडले, आणि त्याला मी यजमानपण म्हणतो. स्वतः एलियट १८९७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, निधन पावला. त्याने आखलेल्या क्षेत्राचे फळ त्याला फारसे भोगता आले नाही. पितृऋण ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत देता येत नाही, ते पुढच्या पिढीतच फेडायचे असते, असे आपली परंपरा मानते. एलियटच्या कार्याला हाच न्याय लागू पडतो असे मला वाटते.

परंतु उत्सर्गाची खरी परीक्षा पुढच्या काळातच होते, कारण दिलेले दान हिरावून घेणे, दत्तापहार, हे शास्त्राने महापातकासारखे निंद्य मानले आहे. चार्ल्स नदीकाठच्या उद्यानासाठी हेलन स्टोरो या बाईंनी दहा लक्ष डॉलर दिले आणि तेथून वाहनमार्ग नेण्याच्या कल्पनेला त्यांनी विरोध केला. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र, १९५१ साली, उद्यानाची जमीन घेऊन त्याच काठाने मोटारींचा राजरस्ता झाला, आणि त्याला नाव देण्यात आले ते त्यांच्याच दिवंगत पतीचे. मोटारीत बसलेली माणसेही भूतमात्रांतच मोडतात, असे समर्थन करता येईल. ते मला पटत नाही. मोटारींच्या ओघातून पादचाऱ्याला नदीपर्यंत सहज जाता येत नाही, आणि ज्याच्या एका उपभोगाने दुसऱ्या सर्वांचा उपभोग संपतो, तो उपभोग उत्सर्गाच्या संकल्पात बसत नाही. उद्यानांचे रक्षण ज्यांच्याकडे सोपविले होते, त्यांच्याच कारभारात हे घडले, म्हणून नदीकाठी चालणाऱ्यांपुरता तरी मी त्याला दत्तापहारच म्हणेन.