शेवटच्या रांगेंतलीं माणसें

कुटुंबाकरितां गाडी निवडणें हा व्यवहाराचा प्रश्न आहे, नीतीचा नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माणसें किती मावतात, लिटरला किती किलोमीटर पडतात, हप्ता किती बसतो, एवढें पाहिलें कीं विचार संपला असें मानण्यांत येतें. आमच्या मतें विचारास आरंभ होतो तो येथूनच. कारण गाडी निवडणारा पुढें बसतो, आणि स्वस्ताईचें मोल पुष्कळदां मागें बसणारास द्यावें लागतें.

आमच्या कऱ्हाटीचेंच उदाहरण घेऊं. नीरा डाव्या कालव्याखालच्या बागाइतांत गाडीचा विषय निघतो तो ऊसबिलाची पहिली उचल बँकेंत जमा झाल्यावर. सुप्याकडील जिराइतांत तो वर्षानुवर्षें पुढें ढकलला जातो. गरज मात्र दोहींकडे सारखीच. घरांत म्हातारीं माणसें, शाळकरी मुलें. चतुर्थीस मोरगांव, सोमवतीस जेजुरी, लग्नसराईंत वऱ्हाड, आणि दुखणें बळावलें तर शंभर किलोमीटरांवरचें पुणें. अशा घरास चार-पांच आसनांची डौलदार मोटार काय कामाची? १९८४ सालीं आलेल्या मारुतीच्या व्हॅननें, म्हणजे पुढें ओम्नी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या गाडीनें, ही गरज नेमकी ओळखली. ७९६ घनसेंटिमीटरांचें इंजिन पुढच्या आसनांखालीं, बाजूंस सरकतीं दारें, आणि रचना इतकी साधी कीं तिचा बिघाड कोणत्याही बाजारपेठेच्या गांवच्या मिस्त्र्यानें काढावा. भरंवसा म्हणतात तो हाच. यंत्र कधींच बिघडणार नाहीं हा नव्हे, तर बिघडलें तरी इंदापुरांत दुरुस्त होईल हा. परंतु त्या गाडीस नाक असें जवळजवळ नव्हतेंच, आणि हें सर्वांस दिसत असूनही २०१९ सालीं ती बंद होईपर्यंत तिच्यांत मुलें दाटीवाटीनें शाळेस जात राहिलीं. तिच्याच घराण्यांतील ईको २०१० सालीं आली. एअरबॅग नसलेली ईको ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०१६ सालीं आदळून पाहिली, तेव्हां प्रौढांच्या संरक्षणाकरितां तिला एकही तारा मिळाला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हे तारे मोजणें पोटभरल्या लोकांचा खेळ आहे. आम्हीं व्हॅन घेतली नाहीं तर आमचीं मुलें कांहीं महागड्या मोटारींत बसणार नाहींत, तीं चौघांच्या ओझ्याच्या मोटरसायकलवर बसतील. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. उंसाच्या हंगामांत, मागें दिवा नसलेल्या ट्रॉल्यांमधून, रात्रीं दुचाकीवर लेकरूं पुढें घेऊन जाणारा बाप ज्यानें पाहिला आहे, त्याला जुन्या व्हॅनचा पत्राही किल्ल्याच्या भिंतीसारखा वाटेल. तेव्हां गरिबानें निर्दोष गाडी मिळेपर्यंत वाट पाहावी, असा उपदेश करणें हा निव्वळ निर्दयपणा होय. ऐपतीपलीकडचें कर्तव्य कोणावर लादतां येत नाहीं. पण ऐपतीच्या आंत जी निवड उरते, तिचा जाब द्यावाच लागतो.

ही निवड कशी वांकडी होते पाहा. चार मीटरांच्या आंतल्या, १२०० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून कर १८ टक्के आहे, मोठीवर ४०. म्हणून रेनोची ट्रायबर सात माणसें चार मीटरांच्या आंत बसविते. अर्टिगा जवळजवळ चार मीटर चाळीस सेंटिमीटर लांब, आणि तितकीच महाग. वांचलेला पैसा खरा आहे, तो घ्यावा. मात्र लांबी आखडली कीं शेवटच्या रांगेची पाठ आणि मागची कांच यांमधलें अंतर आखडतें. त्या रांगेंत बसतें कोण? घरांतला मानपान गाडींतही चालतो: कर्ता पुढें, वडीलधारीं मध्यें, आणि मागें मुलें व धाकटी सून. सौद्याच्या बोलण्यांत यांपैकीं कोणालाच कोणी विचारलेलें नसतें.

२०२५ सालीं ईकोस सहा एअरबॅगा आल्या, आणि सात आसनांऐवजीं सहा झालीं. एक आसन गेलें म्हणून हळहळणारे पुष्कळ असतील. आम्हांस तो बदल प्रामाणिक वाटतो. सातव्या माणसास जागा देतों असें सांगून त्याला नुसतें कोंबणें, यापेक्षां जागा नाहीं असें सांगणें बरें, त्याच्याकरितां एस.टी. आहे, वडाप आहे, दुसरी खेप आहे.

याउलट कांहीं जण तेवढ्याच पैशांत जुनी, अवजड, रुबाबदार गाडी अंगणांत आणून उभी करतात. भाऊबंदांचे डोळे दिपतात. टायर गुळगुळीत झालेले असतात, ते मात्र बदलावयास पैसे उरत नाहींत. अशा गाडीस आम्ही महाग म्हणूं, मग तिची किंमत कांहींही असो.

सौदा ठरविण्यापूर्वीं तिसऱ्या रांगेंत खांद्यावरून येणारा पट्टा आहे कीं नाहीं हें पाहावें. मग घरच्या म्हातारीस तेथें बसवून बारामतीहून मोरगांवापर्यंत न्यावें, आणि परत येतांना त्या जागीं कर्त्या पुरुषानें बसावें. एवढ्या लांबच्या चांचणीस विक्रेता कुरकुर करील, करूं द्यावी.